दुखऱ्या खांद्याची रोटी

खांदा दुखतो म्हणून आलेला माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच बोट ठेवून दाखवतो, की बघा, इथे दुखतं. माझी अर्धी हयात खांदे दुरुस्त करण्यात गेली आणि अनुभव असा, की त्या बोटावर विसंबून चालत नाही. बोट खोटं बोलत नाही. दुखतं तिथेच असतं. पण फाटलेलं असतं दुसरीकडे.

कुंदाबाई हेडाऊ आल्या त्या उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरून. वय पंचावन्नच्या आसपास, मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने फिकट डाग, आणि नजर अशी की जणू मीच त्यांच्याकडे तपासून घ्यायला आले आहे. मागे त्यांची मुलगी आचल, विशीतली, चांगली उंच, आईची पिशवी सांभाळत उभी होती.

"कधीपासून दुखतंय?" मी विचारलं.

"दुखाचं काय बाई, ते तं असतेच. पण आता हात वर नेला का समोरून अशी कळ निघते, का डोळ्यापुढे अंधारी येते."

"करता काय तुम्ही?"

आचल हसली. "मॅडम, तुम्ही नागपूरच्याच ना? लंबी रोटीवाल्या कुंदाबाई म्हणजे आमची आई."

चेहरा मी पाहिला नव्हता, पण हातची चव चाखली होती. ज्याने लंबी रोटी खाल्ली नाही त्याच्यासाठी सांगते. गव्हाची कणिक पाणी घालघालून इतकी सैल मळायची, की ती परातीत राहायलाही तयार नसते. मग ती आपटून आपटून रबरासारखी ताणायला लावायची. तिचा गोळा तळव्यावर घ्यायचा आणि दोन्ही हात खेळवत तो कोपरापर्यंत पसरू द्यायचा. शेवटी हात डोक्याच्या वर नेऊन ती पातळ चादर चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मटक्यावर सोडायची. पोळपाट नाही, लाटणं नाही. जे काही आहे ते खांद्यात आहे. आता आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकतो, लग्नं पहाटे लागतात आणि पंगती ऊन चढायच्या आत उठतात. बाकी सगळं बदललं, पण पाटवडीच्या रश्श्याबरोबर लंबी रोटी नसेल तर नागपूरकर अजूनही यजमानाला नावं ठेवत घरी जातो.

मी कुंदाबाईंच्या खांद्यावर भारदर्शी चिकटवला. हे आमचं नवं यंत्र म्हणजे तळहाताएवढी मऊ पट्टी. ती आतून ध्वनिलहरी सोडते आणि हात हलत असताना कुठला धागा किती ओझं उचलतो आहे ते पडद्यावर रंगात दाखवते. निवांत धागा निळा, ताणलेला नारिंगी. पूर्वी आम्ही हात स्थिर ठेवायला सांगून फोटो काढायचो. चालत्या संसाराचा फोटो काढून भांडण कोणात आहे ते ओळखावं, तसला तो प्रकार होता. भारदर्शीने आम्हाला पहिल्यांदा भांडण ऐकवलं. या पट्टीपुढे मी आजही मनातल्या मनात हात जोडते.

कुंदाबाईंनी हात वर नेला आणि पडद्यावर समोरची एक उभी रेघ नारिंगीची लालभडक झाली.

"खांदा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला मोठा चेंडू," मी त्यांना सांगितलं. "तो घरंगळू नये म्हणून चार स्नायूंच्या पट्ट्यांनी त्याला मुठीत धरलेलं असतं. तुमचा वरचा पट्टा फाटलाय. ही लाल रेघ दिसते ना, ती दंडाच्या बायसेप्सची दोरी. तिचं काम कोपर वाकवायचं आणि तळवा वर वळवायचं. पण वरचा पट्टा गेला आणि चेंडू जागेवर धरायचं कामही तिच्यावर येऊन पडलं. काम तिचं नाही, पण बिचारी करते आहे. घासते, सुजते, विरते. कळ मारते ती हीच. फाटलेला पट्टा केव्हाच गप्प झालाय."

कुंदाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. "घरातलं एक बसलं, का दुसऱ्याच्या डोक्यावर येते. तसंच ना हे?"

"अगदी तसंच. फाटलंय जुनं, सहा-सात वर्षं तरी झाली असतील. पडला होतात का?"

त्यांनी आचलकडे पाहिलं. आचलने मान खाली घातली.

"सुमितची फारकत झाली, त्या साली," कुंदाबाई म्हणाल्या. "सून निघून गेली. दुसऱ्या दिवशी दोनशे पानाची ऑर्डर, अन म्या एकटी. ओल्या फरशीवर पाय सटकला. कणकीची परात हातात होती. परात नाई पडू देली."

परात वाचली आणि खांदा गेला. वर यांनी त्या दिवशीची सगळी पंगत त्याच खांद्याने जेवू घातली. मी रागवायला तोंड उघडलं होतं, पण रागवण्यासारखं काही सापडेना. एवढी जिद्द माझ्यात असती तर मी कुठल्या कुठे गेले असते.

मार्ग दोन होते. पहिला जुना आणि सोपा. ती रडणारी दोरी वरून कापून टाकायची. कळ थांबते. या वयाच्या बहुतेक पेशंटना मी तोच सांगते आणि लोक मला दुवा देतात.

कुंदाबाईंनी दोन्ही तळवे वर करून, त्यांवर ओली कणिक असल्यासारखे पुढे धरले. "अन हे? हे जमन?"

"वेणी घालाल, डबा फळीवरून काढाल, सगळं कराल. पण तळवे असे वर ठेवून वजन पेलायचं म्हटलं तर दंड लवकर थकेल. गोळे येतील."

"मंग नको."

दुसरा मार्ग आमच्या लॅबमधला होता. पेशंटच्याच पेशींपासून एक पापुद्रा वाढवायचा आणि फाटलेल्या जागी शिवायचा. गंमत अशी, की या पेशींना सुरुवातीला कुठलीच दिशा नसते. पहिल्या काही आठवड्यांत त्यांना जिकडून ताण मिळेल, तिकडे त्या धागे विणत जातात. एकदा विणलं की ते पक्कं. म्हणून शिवल्यानंतर पेशंटच्या हातावर आम्ही एक बाही चढवतो. तिच्यात मऊ मोटारी असतात. पेशंटने काहीच करायचं नाही. त्याला जे काम पुढे करायचं, त्याच्या हालचालीची हळुवार, लहानशी नक्कल ती बाही दिवसभर करून घेते. क्रिकेटपटूंचा खांदा चेंडूसाठी विणला जातो, रंगाऱ्याचा भिंतीसाठी.

"पण नक्कल करायला नमुना लागतो," मी म्हणाले. "आमच्याकडे पोहणाऱ्यांचा आहे, गोलंदाजांचा आहे. लंबी रोटीचा नाही. तुमचा घेता येणार नाही, कारण तुमचा हात आता कळ चुकवत चालतो. डावा हात उपयोगाचा नाही, कारण तो उजव्याला फक्त साथ देतो. निरोगी खांद्याचं, तुमच्याच पद्धतीने रोटी टाकणारं माणूस हवं."

"आपली आचल आहे ना!" कुंदाबाईंचा चेहरा फुलला. "माह्यापाशीच शिकली. डोळे मिटून खाल्ली तं कोणाची रोटी, वळखू येत नाई."

पेशी घेतल्या, पापुद्रा वाढीला लावला. तो तयार झाला की फार थांबत नाही, शिवावाच लागतो. त्याआधी नमुना हातात हवा म्हणून मी भारदर्शी आणि बाही घेऊन हेडाऊंच्या घरी गेले. अंगणात मटका तापला होता. पट्टी चिकटवून घेत आचल म्हणाली, "मॅडम, चांगला अँगल घ्या हं."

पोरीने रोटी टाकली. काय देखणं काम! गोळा तळव्यावरून कोपराकडे असा सरकला, जणू त्याला रस्ता पाठ होता. ती चादर वर गेली, क्षणभर मागचं ऊन तिच्यातून दिसलं आणि ती मटक्यावर उतरली. मी टाळ्या वाजवणार होते. तेवढ्यात पडद्याकडे लक्ष गेलं.

समोरची उभी रेघ नारिंगी होती.

यंत्र बिघडलं असेल म्हणून मी पट्टी काढून पुन्हा लावली. आचलने पुन्हा रोटी टाकली. रेघ पुन्हा नारिंगी. वरचा पट्टा तपासला तर तो धडधाकट, निळाशार, कुठे साधी चीरही नाही. पण तो काम करत नव्हता. बसून होता. सगळं ओझं दोरी ओढत होती.

मग मी यंत्र सोडून मुलीकडे बघायला लागले. हात वर नेताना आचल कोपर बरगडीला चिकटवत होती, मान किंचित डावीकडे टाकत होती, आणि रोटी सोडायच्या आधी श्वास रोखत होती. हे सगळं मी आधी पाहिलं होतं. माझ्याच दवाखान्यात, कुंदाबाईंनी हात वर केला तेव्हा.

"आचल, कोपर असं आत का घेतेस?"

"असंच घेतात मॅडम. आई अशीच टाकते. नाही तर काठ फाटतो."

"आणि मान?"

"मान पण तशीच. मला तर जमायला साल लागलं." ती अभिमानाने सांगत होती.

कुंदाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांना माझ्या आधी कळलं. हातातली काडी त्यांनी बाजूला ठेवली.

आचल शिकली ती आईच्या पडण्यानंतर. आमच्याकडे ही विद्या कोणी तोंडाने सांगत नाही. समोर बसायचं आणि बघायचं. तिने जे समोर होतं ते निष्ठेने उचललं. कला कुठे संपते आणि दुखणं कुठे सुरू होतं, हे तिला कोण सांगणार? कळ चुकवण्यासाठी आईने जी जी तडजोड केली, ती ती पोरीने रोटीची रीत समजून घोटून घेतली होती.

"तुले दुखते का, बाई?" कुंदाबाईंनी विचारलं.

"थोडं. सीझनमध्ये. सगळ्यांनाच दुखतं ना?"

कुंदाबाईंनी पदराचं टोक तोंडावर धरलं. "म्या माह्या पोरीले माहं दुखणं शिकोलं," त्या म्हणाल्या आणि उघड उघड रडल्या. मलाही हुंदका आवरेना. यंत्राकडे कौतुकाने बघायची मला सवय. त्या दिवशी पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

जरा सावरल्यावर मी विचारलं, "तुमच्या जुन्या दिवसांचा एखादा व्हिडिओ? लग्नांतले तरी असतील. त्यावरून नमुना काढता येतो."

"आमचं कोण काढते वो? नवरदेव काढते, ताटं काढते. धुराकडे कॅमेरा वळत नाई."

 मग आचलच म्हणाली, "वहिनी."

"नाव नको काढू तिचं."

मला कथा कळली ती अशी. मोनाली ही सुमितची बायको. सासूच्या हाताखाली ती शिकली ती पडण्याच्या कितीतरी आधी, कुंदाबाईंचा खांदा ऐन भरात असताना. नवऱ्याशी पटलं नाही, फारकत झाली. सुमित हैदराबादला निघून गेला आणि मोनालीने कामठी रोडला स्वतःची लंबी रोटी सुरू केली. कुंदाबाईंनी गावभर सांगितलं, की आमच्या घरची रोटी चोरून नेली. तेव्हापासून दोघी एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या.

"म्हणजे तुमचा चांगला हात अजून आहे," मी म्हणाले. "फक्त तिच्याकडे आहे."

"तिच्या हातानं बरी होऊ? त्यापेक्षा कापा ती दोरी. घरी बसन, काय वेणीच घालायची ना!" आणि त्या तरातरा आत निघून गेल्या.

आचल मागोमाग गेली. दारातून सगळं ऐकू येत होतं. "आई, तुझ्या खांद्याचं तू बघ. कापून घे नाही तर ठेव. माझ्या खांद्याचं काय? मी आता कोणाकडून शिकू? तुला तर सरळ हात कसा जायचा तेही आठवत नाही!"

आत भांडं पडल्याचा आवाज झाला.  मी यंत्र आवरत होते, तेव्हा कुंदाबाई नवी साडी नेसून बाहेर आल्या. "गाडी आहे ना तुमची? चला मंग. अन मले बोलायला लावू नका."

मोनालीचं दुकान चांगलं चाललेलं. तिने आम्हाला पाहिलं आणि हातातला गोळा परत परातीत ठेवला. तिशीतली, काटक, कपाळावर पिठाचा ओघळ. चेहरा असा बंद झाला, की मला वाटलं फेरी फुकट गेली. मग तिची नजर कुंदाबाईंच्या हातावर गेली, पोटाशी धरलेल्या.

"हे कधीपासून?"

"तू गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"मले कोणी सांगतलं नाई."

"कोण सांगन? म्याच सांगू नाई देलं." कुंदाबाई उभ्याच होत्या. बोलणं किती जड जात होतं ते दिसत होतं. "तुह्यापाशी माहा हात आहे, मोनाली. थो पाह्यला आली. ही आचल वाकडं शिकली. माह्यासाठी नको देऊ. हिच्यासाठी दे."

मोनालीने डोळे पुसले ते पिठाच्याच हाताने, त्यामुळे सगळा चेहरा पांढरा झाला. "बसा ना आई," ती म्हणाली. "उभ्या काऊन आहात?"

तिने पट्टी लावून घेतली आणि रोटी टाकली. कोपर मोकळं, मान सरळ, श्वास चालू. पडदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत निळा. दोरी आपलं तेवढं काम करत होती आणि चारही पट्टे आपापलं. मी कितीतरी नामांकित खेळाडूंचे खांदे पाहिले आहेत. इतका शांत पडदा एकाचाही नाही. कुंदाबाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या मोनालीच्या हाताकडे बघत होत्या आणि त्यांचा स्वतःचा दुखरा हात मांडीवरच्या मांडीवर हलत होता.

नमुन्यात एकच गोष्ट जास्तीची निघाली. रोटी सोडायच्या क्षणी मोनाली वर किंचित थांबायची आणि मनगटाला बारीकसा हिसका द्यायची.

"हे माहं आहे," ती लाजून म्हणाली. "आईच्या रोटीचा एक काठ जाड राह्यचा."

"माह्या रोटीचा?" कुंदाबाई ताडकन म्हणाल्या. "काठ? जाड?"

"राह्यचा ना आई. सून होती म्या तवा. कशी सांगू?"

आचल खुदकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मोनाली माझ्याकडे वळली. "डॉक्टरीणबाई, तेवढं काढून टाकता येते ना? आईले त्यायचाच हात द्या."

येत होतं. एक बटण दाबायचं काम. मी कुंदाबाईंकडे पाहिलं.

त्या मोनालीने टाकलेली रोटी हातात घेऊन उजेडाकडे धरून बसल्या होत्या. काठ बोटाने चाचपला. मग एक तुकडा तोडून तोंडात टाकला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "राहू द्या," त्या म्हणाल्या.

पापुद्रा मी स्वतः शिवला. दोरी कापली नाही. तिच्यावरचं परकं ओझं उतरलं, तशी ती हळूहळू निवली आणि लाल रेघ एक दिवस मुकाट निळी झाली. बाही चढवून कुंदाबाई पडून असायच्या आणि त्यांचा हात आपोआप, इंच इंच, मोनालीच्या चालीने हलायचा. मी राउंडला गेले की म्हणायच्या, "सुनेनं हात धरून ठेवला आहे, बाई. सोडतच नाई." आचललाही एक हलकी बाही दिली होती. कोपर आत गेलं की ती हळूच टोचायची. शिकलेलं विसरणं हे शिकण्यापेक्षा अवघड. पोरीने कणकीच्या किती तरी पराती वाया घालवल्या, चिडली, रडली, एकदा तर बाही काढून फेकली. पण मागे हटली नाही. आई तशी लेक.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या भाचीचं लग्न होतं. रोटी अर्थातच कुंदाबाईंची. सूर्य उगवायच्या सुमारास पंगत बसली आणि मी मटक्याजवळच खुर्ची टाकली. कुंदाबाईंचा हात वर गेला. कोपर मोकळं, मान सरळ. ओली चादर हवेत एक क्षण थांबली, मनगट हललं आणि ती उतरली.  असा क्षण बघायला मिळाला, यापेक्षा डॉक्टरला आणखी काय हवं असतं?

आमचे शेजारी झाडेकाका म्हणजे खाण्यातले मोठे दर्दी, आणि जिभेला हाड नाही. ताट घेऊन ते थेट चुलीपाशी आले. रोटीचा काठ उजेडात धरून त्यांनी तुकडा तोडला, चावला, आणि मोठ्याने म्हणाले, "काय कुंदाबाई, आम्हाले फसवता? ही तुमची रोटी नाई. इतका पातळ काठ कामठी रोडच्या मोनालीचाच."

परात धरून उभी असलेली आचल जागच्या जागी थिजली. मीही खुर्चीतून अर्धवट उठले. हेच वाक्य एक वर्षापूर्वी कोणी बोललं असतं, तर त्या मटक्याच्या खापऱ्या झाल्या असत्या.

कुंदाबाईंनी कपाळावरचा घाम दंडाने पुसला. त्याच दंडाने, वर नेऊन, सहज.

"बरोबर वळखलं भाऊ," त्या म्हणाल्या. "तिच्याच हातची आहे."

आणि आचलच्या हातात पुढचा गोळा देऊन म्हणाल्या, "पाहून काय रायली? कोपर मोकळं सोड. टाक तुह्या वैनीसारखी."